तिसऱ्या खिळ्यावरचा बेल्ट

ट्रॅक्टरला दोरीने बांधलेली आक्काची गाडी शेडच्या तोंडाशी आली, तेव्हा मिस्त्री दुपारची झोप काढून उठतच होता. उशाशी रेडिओ ठणाणा वाजत होता. तो बंद करून त्याने कान दिले. आधी ट्रॅक्टर, त्यामागे चाकांची नुसती घरघर, आणि मग गाडीचं दार आपटल्याचा आवाज. असं दार गावात एकच बाई आपटत असे.

"आक्का, काय झालं गं?" तो आतूनच ओरडला.

"मला काय विचारतोस? गाडीला विचार," बाहेरून उत्तर आलं.

मिस्त्रीने चपला पायांनी चाचपल्या आणि भिंतीला हात लावत तो बाहेर आला. दोन वर्षांपूर्वी साखरेचा आजार डोळ्यांत उतरला होता. समोर माणूस उभा आहे एवढं दिसे, कोण आहे ते आवाजावरून ठरवावं लागे. आता यापेक्षा बरं दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मिस्त्रीने ते फारसं मनावर घेतलं नाही. "इंजिन काय डोळ्यांनी दुरुस्त करतात? मला कान आहेत, बोटं आहेत," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा आणि कामाला लागायचा. गिऱ्हाइकंही मान डोलवायची. गेल्या वर्षभरात त्याच्या हातची एकही गाडी परत आली नव्हती, याचा त्याला भारी अभिमान होता.

वर्षभरात आणखी एक चांगली गोष्ट घडली होती. बायको मायेने वागायला लागली होती. "यायचं असेल तर या, नाहीतर झाकून ठेवते," अशा हाका मारण्यात जिची तीस वर्षं गेली, ती आता बरोबर साडेबाराला बोलवायची, गरम गरम वाढायची, जेवण झालं की सतरंजी टाकून "जरा पडा" म्हणायची आणि करमणूक म्हणून उशाशी रेडिओही लावून द्यायची. बायकोला उतारवयात अक्कल आली, असं मिस्त्री दोनचार जणांपाशी बोललाही होता.

आक्का बॉनेटला टेकून पदराने मान पुसत होती. ऊन असं होतं की पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. मिस्त्रीपेक्षा ती सहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर लोकांच्या घरी धुणीभांडी करण्यापेक्षा गाडी चालवीन म्हणाली, आणि या भावाच्या जिवावर जुनी गाडी घेऊन चालवूही लागली. हंगामात बागांमध्ये फळं तोडायला जाणाऱ्या सात बाया ती सकाळी न्यायची आणि संध्याकाळी आणायची. दोन महिन्यांचा हंगाम, त्यावर तिचं वर्ष निघायचं.

"चढ चढत होते," ती सांगू लागली. "फट् असा एवढासा आवाज झाला आणि गाडी गपगार. पुन्हा सुरू व्हायचं नाव नाही. बायांनी ढकलून बाजूला घेतली. उतरून बिचाऱ्या चालत गेल्या, पाऊण तास. मुकादम म्हणाला, तीन दिवस वाट बघतो. चौथ्या दिवशी गाडी नसली तर दुसरी गाडी लावतो. दुसरा तयारच बसलाय, माझ्या पोटावर टपलेला."

"तीन दिवस कशाला? पेट्रोल चढत नसेल," धाकटा म्हणाला. धाकटा म्हणजे मिस्त्रीचा भाऊ. शेडमध्ये दुसरा माणूस तोच. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा, पायात कायम एकच निळी पँट.

"तू गप्प बस," मिस्त्री म्हणाला. "आक्का, सेल्फ मार."

आक्काने किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पण फार सुरळीत फिरलं. एरवी सेल्फ मारला की इंजिन दम लागल्यासारखं ऊं-ऊं करतं, एकेक पिस्टन हवा दाबतोय हे ऐकू येतं. हे नुसतं भिंगरीसारखं गिर्र झालं.

"बस," मिस्त्री म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. "रिकामं फिरतंय. दाबच नाही. ऑइलचं झाकण काढ रे."

धाकट्याने झाकण काढलं. त्या भोकातून खाली कॅम दिसतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा. इंजिन फिरतंय आणि कॅम थांबलेला, तर दोघांना जोडणारा टायमिंग बेल्ट गेला असं समजायचं. मिस्त्रीने भोकात बोट घातलं, अगदी हलक्या हाताने कॅमला टेकवलं.

"मार थोडा."

गिर्र.

"परत."

गिर्र.

मिस्त्री क्षणभर तसाच उभा राहिला. मग बोट काढून म्हणाला, "तू बघ बरं."

धाकट्याने बॅटरी धरून पाहिलं. "कॅम फिरत नाही, दादा."

"मलाही तेच वाटलं," मिस्त्री म्हणाला आणि बोट पुसायला फडकं शोधत, शेजारी उभ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरच्या पाइपाला डावा हात टेकून उभा राहिला. पाइप अजून तापलेला होता. त्याच्या डाव्या हाताची बोटं चांगली चारपाच श्वास तिथे होती. धाकट्याने पाहिलं आणि त्याचा हात ओढला. "दादा, पाइप!"

"हो रे, कळलं मला," मिस्त्री म्हणाला.

कव्हर काढायला अर्धा तास गेला. आतून बेल्ट निघाला तो लांब पट्टी होऊन. तुटलेला होताच, पण तुटायच्या आधी वीतभर अंतरातले दात झडून गेले होते आणि ते खाली काळ्या तांदळासारखे सांडले होते. धाकट्याने ती पट्टी भावाच्या हातात दिली. मिस्त्रीने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून पाहिली.

"आठ महिने झाले," मिस्त्री म्हणाला. "आठ महिन्यांपूर्वी नवा घातलाय. मी स्वतः. आक्का, तू इथेच उभी होतीस ना?"

"होते," आक्का म्हणाली. आणि तिने धाकट्याकडे बघितलं. धाकटा बोल्ट गोळा करत राहिला.

"नवा बेल्ट आठ महिन्यांत दात टाकतो होय?"

"ते मागाहून बघू," आक्का म्हणाली. "आता गाडीचं काय ते सांग. बेल्ट घातला की झालं का?"

होणार नव्हतं, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह जिथल्या तिथे उघडे राहतात आणि खालून पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतात. किती वाकले ते हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, न काढता सांगायचं तर हवा सोडून ऐकावं लागतं. धाकटा कॅम हाताने फिरवून एकेका सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायचा, आणि मिस्त्री गाडीच्या मागे उन्हात गुडघे टेकून सायलेन्सरच्या तोंडाला कान लावायचा. मग उठून पुढे, हवा ओढायच्या नळीला कान. पुन्हा मागे. साठीच्या जवळ आलेला माणूस, गुडघ्यांना खडी टोचतेय, कपाळावरून घाम डोळ्यांत. तो पुसायचीही त्याला शुद्ध नव्हती.

"एक नंबर ठीक. दोन नंबर पुढूनही फुसफुसतोय, मागूनही. तीन नंबर फक्त मागून. चार ठीक," तो म्हणाला. "हेड काढा. दोनचे दोन्हीकडचे वाकलेत, तीनचा मागचा, एक्झॉस्ट गेलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेड निघालं आणि व्हॉल्व्ह काढून फडक्यावर मांडले, तेव्हा आक्काने ते स्वतः मोजले. दोनचे दोन्हीकडचे, तीनचा एक्झॉस्ट. मिस्त्रीने कानाने सांगितलं होतं त्यात एकाचा फरक नव्हता. धाकटा म्हणाला, "दादा, तुमच्या कानाला तोड नाही." मिस्त्री एरवी यावर खुलला असता. आज त्याच्या डोक्यात रात्रभर एकच किडा वळवळत होता.

तो बाकावर बसला होता. शेजारी बायको. तिने त्याचा डावा हात मांडीवर घेतला होता आणि बोटांना मलम लावत होती. दोन बोटांवर टपोरे फोड आले होते.

"अहो, हे एवढं भाजलं आणि तुम्ही सकाळपर्यंत बोलला नाहीत?"

"लक्षात नाही आलं." त्याने हात काढून घेतला. "धाकट्या, इकडे ये. त्या बेल्टचं सांग."

"काय सांगू?"

"मी घातलेला बेल्ट नवा होता. डबा मी फोडला. नवा बेल्ट चार वर्षं बघायला लागत नाही. म्हणजे जो तुटला तो मी घातलेला नव्हेच. कोणीतरी मागाहून गाडी उघडली, नवा काढून घेतला आणि कसला तरी जुनाट अडकवून दिला. शेडची किल्ली दोघांकडे. मी तर नाही काढला."

"दादा!"

"चार महिन्यांपूर्वी एका ठेकेदाराच्या गाडीला बेल्ट मिळत नव्हता. तू दोन तासांत पैदा केलास. कुठून केलास?"

धाकट्याचे कान लाल झाले. "शहरातून आणला. बसने गेलो होतो."

"सख्ख्या बहिणीच्या गाडीतून आणलास! अरे, डाकीणसुद्धा एक घर सोडते."

"अरे, काहीतरीच काय बोलतोस?" आक्का मध्ये पडली. "त्याने नाही काढला. मला माहीत आहे."

"तुला काय माहीत? तू काय गाडीत झोपतेस?" मिस्त्री उठला. "पुरावा देतो ना. पुरावा टांगलाय मी."

शेडच्या मागच्या भिंतीवर ओळीने खिळे होते. कुठल्याही गाडीतून काढलेला बेल्ट मिस्त्री वर्षभर त्या खिळ्यांवर टांगून ठेवायचा. उद्या गिऱ्हाईक म्हणालं की बदललाच नाही, तर जुना काढून नाकासमोर धरायचा. वर्ष झालं की तो बेल्ट घरात यायचा. त्या घराचं फाटक बेल्टने बांधलेलं होतं, सरपणाच्या मोळ्या बेल्टने बांधलेल्या होत्या, मोरीची बादलीसुद्धा बेल्टनेच अडकवलेली होती. दारापासून तिसरा खिळा आक्काच्या गाडीचा.

मिस्त्रीने भिंत चाचपत खिळे मोजले. एक, दोन, तीन. बेल्ट काढला आणि धाकट्याच्या छातीवर आपटला. "हा घे. हा मी काढलेला जुना. याच्या शेजारी ती तुटकी पट्टी ठेव. याच्यावर कारखान्याची अक्षरं आहेत, त्या पट्टीवर काय आहे ते वाच. निघेल तुझी चोरी."

बेल्टवर आठ महिन्यांची धूळ आणि शेडमधला तेलकट धूर बसला होता. धाकट्याने खिशातलं फडकं काढून पुसला. थोडा पुसला आणि थांबला. मग आणखी थोडा पुसला.

"वाच ना!"

मिस्त्रीच्या बायकोने पुढे होऊन पाहिलं. काळ्याभोर रबरावर पांढरी अक्षरं, कालच छापल्यासारखी कोरी. दात धारदार. कडेला एक तंतूसुद्धा सुटलेला नाही. आठ महिने शेजारच्या खिळ्याला ती आपली बाजाराची पिशवी अडकवत होती आणि तिच्या कोपराला हा बेल्ट लागत होता.

"वाचत का नाहीस?"

"दादा," धाकटा म्हणाला, "हा नवाच आहे."

"काय?"

"हा लावलेलाच नाही कधी. हा डब्यातला आहे."

मिस्त्रीने बेल्ट परत ओढून घेतला. दात चाचपले, दाबून चाचपले, मग बेल्ट नाकाला लावला. धुळीखालून कोऱ्या रबराचा वास आला. बोटांना न कळलेली गोष्ट नाकाला एका श्वासात कळली.

त्याला तो दिवस आठवला. जुना बेल्ट काढून बाकावर ठेवला, डबा फोडून नवा त्याच्या शेजारी ठेवला. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, तो दारापर्यंत जाऊन आला आणि बाकावरचा एक बेल्ट उचलून बसवला. दुसरा खिळ्यावर टांगला. किती नीट बसवला होता! खुणा दोनदा लावून घेतल्या होत्या. आक्काला म्हणाला होता, आता चार वर्षं बघू नकोस.

बाहेर रस्त्यावर कोणीतरी हसत होतं.

"म्हणजे माझ्याच हाताने झालं," मिस्त्री म्हणाला. मग एकदम त्याने मान वर केली. "पण मग बाकीच्या गाड्या? वर्षभरात साठ-सत्तर गाड्या माझ्या हाताखालून गेल्या. मी एवढा आंधळा असतो तर एक तरी परत आली असती की नाही? सांगा ना! आली का एक तरी परत?"

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने जमिनीकडे.

"आली का?"

"येईल कशी," बायको अखेर म्हणाली. "तुम्ही जेवायला आलात की हे भावोजी सगळं परत उघडून बघतात."

मिस्त्रीला आधी नीट कळलंच नाही. "कोण उघडतो? काय उघडतो?"

"तुम्ही केलेलं काम, दादा," धाकटा म्हणाला. "सगळं नाही उघडावं लागत. बरंचसं बरोबरच असतं. एखादा बोल्ट सैल असतो, एखादी वायर..."

"रोज?"

"रोज."

"मी झोपलेला असताना?"

मिस्त्रीला आता एकेक गोष्ट आपोआप कळत गेली. साडेबाराची हाक. गरम भाकरी. सतरंजी. आणि उशाशी ठणाणा वाजणारा तो रेडिओ, कारण या माणसाचे कान तिखट, पान्याचा आवाज भिंतीपलीकडून ओळखणारे. तो बायकोकडे वळला. ती कुठे उभी आहे ते त्याला नीट दिसत नव्हतं, त्यामुळे तो थोडा बाजूलाच बघत होता.

"आणि मी जगाला सांगत सुटलो, बायको सुधारली म्हणून."

"जेवण काही खोटं नव्हतं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"आंधळं दळतंय आणि घरचे त्याला शाबासकी देतायत! गिऱ्हाइकांना पण ठाऊक असेल. मी कान आहेत, बोटं आहेत म्हणायचो, तेव्हा हसत असतील."

"कोणी हसत नव्हतं, दादा. शेडमधलं काम सुटलं तर तुम्ही खचाल असं वाटलं."

"मग आक्काची गाडी का नाही उघडलीस?" मिस्त्री ओरडला. "सत्तर गाड्या उघडल्यास, बहिणीचीच का सोडलीस?"

"मी उघडू दिली नाही," आक्का म्हणाली.

ती फडक्यावरचे वाकडे व्हॉल्व्ह एकेक करून सरळ रांगेत लावत बसली होती. वर न बघता म्हणाली, "त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आक्का, अर्धा तास थांब, दादा झोपले की मी एकदा बघतो. मी त्याला शिव्या घातल्या. म्हटलं, माझ्या भावाने बसवलंय. त्याला हात लावलास तर तुझं तोंड बघणार नाही. आणि निघाले गाडी घेऊन."

"म्हणजे तुलाही ठाऊक होतं. हे सगळं."

"होतं."

"आणि मला बोलली नाहीस."

"काय बोलणार होते? तू सकाळी उठून शीळ घालत शेडमध्ये जायचास."

मिस्त्री बाकावर बसला. कोणावर रागवावं हेच त्याला कळेना. ज्यांनी फसवलं त्यांनी सत्तर गाड्या वाचवल्या होत्या, आणि जिने विश्वास ठेवला तिचं इंजिन त्याने फोडलं होतं. त्याने भाजलेला हात पुढे केला.

"डोळ्यांचं तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला. "बोटांचं मी सांगितलं नव्हतं. वर्ष झालं. टोकांना काही लागत नाही. काल कॅमवर बोट ठेवलं तेव्हा मला काही कळलं नाही. आवाजावरून ठोकून दिलं."

बायकोने त्याचा हात धरला. त्याने तो या वेळी काढून घेतला नाही, पण तिच्या हातावर बोटंही मिटली नाहीत.

मग तो म्हणाला, "एक ऐका. माझं काम उघडून बघायचं असेल तर माझ्यासमोर बघा. मला शेजारी बसवा आणि तोंडावर सांगा, दादा, हे चुकलं. मी ऐकून घेईन. पण माझ्या पाठीमागे पाना लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," धाकटा म्हणाला. बायकोने गळ्याची शपथ घेतली. आक्कानेही मान हलवली, आणि त्याला दिसणार नाही हे लक्षात येऊन तोंडाने म्हणाली, "कबूल रे बाबा."

धाकटा दुपारच्या बसने शहरात जाऊन व्हॉल्व्ह आणि हेडचं गॅस्केट घेऊन आला. तिसऱ्या दिवशी उजाडल्यापासून सगळे कामाला लागले. नवे व्हॉल्व्ह बैठकीत घासून बसवावे लागतात. टोकाला रबरी चकती असलेली काठी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी घुसळायची. आक्काने पदर खोचला आणि ती घुसळत बसली. तळव्यांना फोड आले तरी उठली नाही. मिस्त्री शेजारी बसून घासण्याचा आवाज ऐकत होता. आधी खरखर यायची, मग ती बारीक व्हायची, मग तो म्हणायचा, "झाला, पुढचा घे." वर पेट्रोल ओतून बघितलं, एक थेंब गळला नाही. त्या वेळी आक्का तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

हेड चढलं. हेडचे बोल्ट धाकट्याने त्याच्या नव्या पान्याने आवळले. ठरलेला जोर झाला की तो पाना कट् असा वाजतो. मिस्त्रीने त्याची नेहमी टिंगल केली होती. हाताला अक्कल नसली की पान्याला द्यावी लागते, म्हणायचा. आज काही म्हणाला नाही. बेल्ट धाकट्याने घातला, तिसऱ्या खिळ्यावरचा नव्हे, शहरातून वेगळा आणलेला. तो बंद डब्यातून भावासमोर काढला, त्याच्या नाकाला लावला आणि मगच बसवला. खुणा जुळवल्या, मोठ्याने सांगत जुळवल्या. इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा जुळल्या का ते पाहिलं.

शेवटी ताण धरणाऱ्या चाकाचा एक बोल्ट राहिला. तो नीट आवळला तर बेल्ट चार वर्षं चालणार, सैल राहिला तर पुन्हा हेच रामायण. धाकटा उठून उभा राहिला.

"दादा, हा तुम्ही आवळा."

मिस्त्रीने मान हलवली. "नको."

"आवळ रे," आक्का म्हणाली. "तुझा हात लागल्याशिवाय मी गाडी नेणार नाही."

मिस्त्रीने आपला जुना पाना घेतला, ज्याच्या दांड्यावर त्याच्या अंगठ्याची खळगी पडली होती. धाकट्याने पाना बोल्टवर टेकवून दिला. बोटांवर भरवसा न ठेवता मिस्त्रीने मनगटाने आणि खांद्याने जोर अंदाजला, सावकाश दाबत गेला, आणि जिथे थांबायला हवं असं वाटलं तिथे थांबला. पुन्हा एकदा हलकेच दाबून पाहिलं.

"बघून घे," तो धाकट्याला म्हणाला. "तुझा पाना लाव. मी इथेच आहे."

"काही गरज नाही," आक्काच आधी म्हणाली. "बस झालं. पुरे."

"चांगलाच बसलाय, दादा," धाकटा म्हणाला. "तुम्ही हात धुऊन घ्या. वहिनीने चहा टाकलाय."

मिस्त्रीचा चेहरा खुलला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याची पाठ सरळ झाली. तो भिंत न चाचपता मागच्या दाराने घरात गेला. मोरीपाशी बायकोने बादली भरून ठेवली होती. मोरीची भिंत आणि शेडची भिंत एकच. त्याने हातांना साबण लावला.

बायको त्याच्या मागून खोलीत गेली आणि सवयीने तिचा हात रेडिओकडे गेला. खटका वाजण्याआधीच मिस्त्री म्हणाला, "राहू दे. आज नको."

तो हात चोळत राहिला. भिंतीपलीकडून आक्काचा आवाज आला. हळू, अगदी कानात बोलावं इतका हळू. पण त्याच्या कानांना तेवढं पुष्कळ होतं.

"गेला का?"

"गेले."

"एकदा तू लावून बघ रे. सात बाया असतात माझ्या गाडीत."

लोखंडावर लोखंड टेकल्याचा आवाज आला. मिस्त्रीने भिंतीला कान लावला. बोल्ट सैल असेल तर पाना आधी थोडा फिरेल, करकरेल, मग वाजेल. पाना फिरला नाही. टेकल्याबरोबर वाजला. कट्.

म्हणजे बोल्ट बरोबर होता. जेवढा हवा तेवढा आवळलेला.

मिस्त्री थांबला. आता कोणीतरी म्हणेल, दादाचा हात बरोबर होता. आता आक्का हसेल, हाक मारेल. शेडमध्ये कोणी काही बोललं नाही. पाना हळूच पेटीत ठेवल्याचा आवाज आला, कव्हर चढलं, आणि थोड्या वेळाने सेल्फ लागला. इंजिनाने दोनदा ऊं-ऊं केलं आणि ते धरलं.

तो पुढच्या अंगणात आला तेव्हा हातांवर अजून साबण होता. आक्का गाडीत बसलेली. संध्याकाळच्या बाया आणायला निघायचं होतं, मुकादमाला तोंड दाखवायचं होतं. तिने काच खाली केली आणि हात बाहेर काढून त्याच्या खांद्यावर ठेवला. तळव्यावरचे फोड त्याला सदऱ्यातून लागले.

"निघते रे. तुझ्या हातचं आहे, म्हणून निर्धास्त जाते."

मिस्त्री तिच्या आवाजाच्या दिशेने बघत राहिला. तोंडाशी आलेलं त्याने गिळलं.

"जा," तो म्हणाला. "बाया थांबल्या असतील."